चांदीचं पाणी

एका जवाहिऱ्यानं रोमच्या सम्राज्ञीला काचेचे तुकडे रत्नं म्हणून विकले. लबाडी उघडकीला आली तेव्हा सम्राटानं त्याला आखाड्यात उभं केलं. समोर पिंजरा. आता सिंह सुटणार, म्हणून हा माणूस थरथरतोय. दार उघडलं आणि बाहेर आला एक कोंबडा, तोही खच्ची केलेला. लोक बुचकळ्यात पडले. सम्राटानं दवंडीवाल्याकरवी सांगितलं, ‘यानं फसवलं आणि हाही फसला.’ मग त्याला घरी सोडून दिलं.

ही गोष्ट ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या चौथ्या शतकाच्या अखेरीच्या लॅटिन चरित्रसंग्रहातली. तो संग्रह म्हणजे थोडा इतिहास आणि बऱ्याचशा पारावरच्या गप्पा, त्यामुळे गोष्ट खरी मानायची सक्ती नाही. सम्राट मात्र खरा होता. इ.स. २५३ ते २६८ अशी पंधरा वर्षं राज्य केलेला गॅलिएनस. आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या ध्यानात न आलेला विनोद असा की, काच रत्न म्हणून विकणाऱ्याचा न्याय करायला बसलेल्या या माणसाच्या टांकसाळी तेव्हा तांब्याला चांदीचं पाणी चढवून ते चांदीचं नाणं म्हणून साऱ्या साम्राज्याच्या गळ्यात मारत होत्या.

नाण्यांच्या नादी लागलेल्या माणसांत, आणि हल्ली सोन्याचांदीत पैसे गुंतवा म्हणून सांगणाऱ्यांतही, एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘रोमचं नाणं सडलं आणि रोम बुडालं.’ पुरावा म्हणून गॅलिएनसचं नाणं पुढे केलं जातं. यातली अर्धी गोष्ट मला मान्य नाही आणि उरलेली अर्धी फार सौम्य वाटते. अडचणीत सापडलेल्या सरकारनं नाण्यातली चांदी कमी केली, एवढ्यावरून मी त्याला चोर म्हणणार नाही. ती कमी केल्याचं लपवलं, आणि लपवताना जवळच्यांच्या हातावर मात्र खरं सोनं ठेवलं, यासाठी म्हणेन. हा फरक केवळ शब्दांचा नाही. राज्य अडचणीत आलं की खर्च कोणाच्या तरी खिशातून जाणारच. तो कोणाच्या खिशातून जातो आणि त्याला सांगून जातो की न सांगता, एवढंच काय ते ठरवता येतं.

आधी त्याची अडचण पाहू, कारण ती खोटी नव्हती. २६० साली आजच्या तुर्कस्तानातल्या एडेसाजवळ गॅलिएनसचा बाप आणि सहसम्राट व्हॅलेरियन इराणचा राजा शापूर याच्या हाती जिवंत सापडला. रोमन सम्राट शत्रूच्या कैदेत, हे आधी कधी घडलं नव्हतं. शापूरनं आपला विजय नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर कोरून ठेवलाय, तो आजही पाहता येतो. बातमी पसरली तशी साम्राज्याची शिवण उसवत गेली. ऱ्हाईनवरच्या पोस्ट्युमस या सेनापतीनं गॅलिएनसच्या कोवळ्या मुलाला कोलोनमध्ये मारवलं आणि गॉल (आजचा फ्रान्स), ब्रिटन, स्पेन घेऊन वेगळी चूल मांडली. डॅन्यूबवर आधी इंगेन्युअस, मग रेगालियानस उठला. पूर्वेत मॅक्रियानस नावाच्या अधिकाऱ्यानं आपली दोन मुलं गादीवर बसवली. त्यांना निपटायला सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या ओडेनेथसची मदत घ्यावी लागली, आणि मदतीची किंमत म्हणून पूर्व बव्हंशी त्याच्याच भरवशावर सोडावी लागली. पुढे २६७ च्या सुमारास हेरुली टोळ्यांनी अथेन्स लुटलं.

वर साथीचा रोग होताच. अलेक्झांड्रियाच्या बिशप डायोनिसियसचं एक पत्र चर्चचा इतिहासकार युसेबियसनं जपून ठेवलंय. शहरात धान्यवाटपाची यादी असे. डायोनिसियस म्हणतो की पूर्वी चाळीस ते सत्तर वयाची जितकी माणसं त्या यादीत भरत, तितकी आता चौदा ते ऐंशी वयाची सगळी धरली तरी भरत नाहीत. बिशपच्या पत्रात थोडा आकांत असणारच, पण कर गोळा करणाऱ्याच्या बाजूनं हे वाक्य वाचून पाहा. कर देणारी माणसंच राहिली नाहीत. तीन पश्चिमी मुलखांचा वसूल पोस्ट्युमसकडे, स्पेनच्या खाणी त्याच्याकडे, पूर्वेचा वसूल ओडेनेथसच्या मर्जीवर. सैन्य मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागतंय आणि त्याला वेळेवर पगार हवाय, कारण पगार चुकला तर सैन्य नवा सम्राट उभा करतं आणि जुन्याचं मुंडकं उडवतं. याला त्या काळात राज्यशास्त्र म्हणत नसत, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मग उरली टांकसाळ. जिथे तलाठी पोचू शकत नव्हता तिथे नाणं पोचत होतं. नाण्यातली चांदी काढून घेणं म्हणजे ज्याच्या ज्याच्या हातात नाणं आहे त्याच्याकडून कर घेणं. वसुलीला माणूस लागत नाही, पावती लागत नाही, दंगा होत नाही. सुरुवात गॅलिएनसनं केली असंही नाही. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या डिनेरियस या नाण्यात जवळजवळ शुद्ध चांदी होती. नीरोनं इ.स. ६४ मध्ये वजन आणि कस दोन्ही उतरवले. सेप्टिमियस सेव्हेरसनं कस जवळपास निम्म्यावर आणला. त्याच्या मुलानं, कॅराकॅलानं, २१५ मध्ये नवं नाणं काढलं. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट, आणि अभ्यासक त्याला कॅराकॅलाच्याच नावावरून अँटोनिनियानस म्हणतात. ते दोन डिनेरियसच्या मोलानं चालायचं, पण त्यात चांदी भरायची सुमारे दीड डिनेरियसची. म्हणजे गॅलिएनस आला तेव्हा उतार आधीच लागला होता. त्यानं गाडीला ब्रेक लावला नाही, उलट ढकललं. त्याच्या आरंभी या नाण्यात साधारण एक तृतीयांश चांदी होती. शेवटी, २६८ मध्ये, शंभर भागांत जेमतेम दोन-तीन भाग राहिली. पंधरा वर्षांत.

त्या शेवटच्या काळातलं एक नाणं माझ्याकडे आहे. पुण्यातल्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात घेतलं. हे काही मिरवण्यासारखं नाही, गॅलिएनस हा नाणी जमवणाऱ्यांच्या बाजारातला सगळ्यात स्वस्त सम्राटांपैकी एक. नाणं आपल्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षा हलकं. चकती ठशापेक्षा लहान पडल्यामुळे नावातली काही अक्षरं कडेवरून खाली सांडलीत. एका बाजूला चीर गेलीय, म्हणजे धातू घाईत तापवून घाईत ठोकलेला. पृष्ठभाग तपकिरी, पण दाढीच्या कुरळ्या केसांत आणि कानामागे, जिथे बोटं पोचत नाहीत तिथे, पांढरी चकाकी टिकून आहे. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याची कल्हई अशीच आधी पोटाकडून जाते आणि काठाच्या खोबणीत शेवटपर्यंत राहते. फरक एवढाच की कल्हई काढणाऱ्यानं पातेलं चांदीचं आहे असं कधी कोणाला सांगितलं नाही.

मागच्या बाजूला मागं वळून बघणारी हरिणी आहे. भोवती लॅटिनमध्ये मजकूर: ‘सम्राटाची रक्षणकर्ती डायाना हिला’. शेवटच्या वर्षांत रोमच्या टांकसाळीनं अशी एक पूर्ण मालिका काढली. अपोलोसाठी सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) किंवा ग्रिफिन (गरुडाच्या तोंडाचा सिंह), मद्याचा देव लिबेर याच्यासाठी चित्ता, नेपच्यूनसाठी पाण्यातला घोडा, सूर्यासाठी पंखांचा घोडा, हर्क्युलिससाठी रानडुक्कर, ज्युपिटरसाठी बकरी. नाणी जमवणारे तिला प्रेमानं गॅलिएनसचं प्राणिसंग्रहालय म्हणतात. मला ती प्राण्यांची नाही, देवांच्या धाव्याची मालिका वाटते. दिसेल त्या देवाला हाक मारून झाली होती.

पण मला थांबवतं ते हरिणीच्या पायाखालचं एक छोटं ग्रीक अक्षर. ती टांकसाळीतल्या विभागाची खूण. गॅलिएनसच्या काळात रोमच्या टांकसाळीचे असे विभाग वाढत बारापर्यंत गेले, आणि प्रत्येकाला आपल्या मालावर आपली खूण उमटवावी लागे. कारण उघड आहे: वजनात किंवा धातूत कोणी हात मारला तर कुठल्या विभागानं मारला हे वरच्यांना कळावं. आपली माणसं आपल्याला फसवणार नाहीत याची राज्यानं एका अक्षरात व्यवस्था केली होती. राज्य लोकांना किती फसवतंय हे लोकांना कळावं, यासाठी त्या चकतीवर एकही अक्षर नाही. उलट सगळी अक्षरं दुसरीकडे बघायला सांगतात: सैन्याची निष्ठा, सम्राटाचा विजय, युगाचं सुख, भरभराट. एका सोन्याच्या नाण्यावर तर कणसांचा मुकुट घातलेला सम्राट आहे आणि मागे ‘उबिक्वे पाक्स’, म्हणजे ‘सगळीकडे शांतता’. गंमत म्हणजे त्यावर सम्राटाचं नाव स्त्रीलिंगी रूपात येतं. ही कोणा शत्रूची थट्टा आहे की धान्याची देवी डिमीटर हिच्याशी जोडलेला काही विधी, यावर विद्वान कित्येक वर्षं भांडतायत. मी थट्टेच्या बाजूनं नाही. सरकारी घोषणा पुष्कळदा थट्टेसारखी दिसते, तिला थट्टा करायची गरज नसते.

आता समोरच्या बाजूचा चांगला युक्तिवाद घेऊ. कोणी म्हणेल, पैसा म्हणजे शेवटी विश्वास. आपल्या पाचशेच्या नोटेत कागदाशिवाय काय आहे? मग गॅलिएनसच्या नाण्यात चांदी नव्हती तर बिघडलं कुठे? हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण पुरावा याच बाजूनं बोलतो. इजिप्तमधल्या फय्युमला ऑरेलियस अॅपियानस नावाच्या बड्या जमीनदाराची मोठी जहागीर होती. थियाडेल्फियाच्या तिच्या कारभाऱ्याचं, हेरोनिनोसचं, दप्तर पपायरसवर शिल्लक आहे, आणि ते २४९ ते २६८ या काळातलं, म्हणजे बरोबर आपल्या गोष्टीच्या मधोमध. मजुरी, गहू, दारू, गाढवं, सगळं त्यात आहे. नाण्यातली चांदी रोज विरघळत होती आणि त्या वह्यांतले भाव मात्र ढोबळमानानं जागच्या जागी होते. इजिप्तचं चलन रोमपेक्षा वेगळं चालायचं हे खरं, पण चांदी त्यातूनही जात होती. ‘कस उतरला की भाव चढला’ असं गणित वहीत दिसत नाही. माणसं सवयीनं नाणं घेत होती, कारण काल घेतलं होतं आणि उद्या कोणीतरी घेईल.

म्हणून ‘चांदी संपली आणि रोम बुडालं’ हे वाक्य मी मानत नाही. रोम त्यानंतर, पश्चिमेतसुद्धा, आणखी दोनशे वर्षं चाललं.

पण सवय आणि विश्वास यांत अंतर आहे, आणि ते अंतर दिसायला एक कागद पुरतो. तोही इजिप्तचाच, ऑक्सिऱ्हिंकस गावचा, नोव्हेंबर २६० चा. जिल्ह्याचा अधिकारी हुकूम काढतो: नाणी बदलून देणाऱ्या पेढ्यांनी सम्राटांची ‘पवित्र नाणी’ घ्यायला नकार देऊन पेढ्या बंद केल्याची तक्रार आली आहे, तरी सर्व पेढीवाल्यांनी पेढ्या उघडाव्यात आणि उघड उघड खोटी नाणी सोडून बाकी सगळी घ्यावीत, हे पेढीवाल्यांनाच नाही, कोणताही व्यवहार करणाऱ्या सगळ्यांना लागू, न ऐकल्यास शिक्षा. हे सम्राट म्हणजे मॅक्रियानसची ती दोन मुलं, गॅलिएनस नव्हे. त्यामुळे पेढीवाल्यांना कमी कसाची भीती होती की उद्या ही पोरं टिकणार का याची, हे सांगणं कठीण, आणि खरं सांगायचं तर दोन्ही भीत्या एकच आहेत. चकतीत चांदी असती तर गादीवर कोण बसलंय याची पेढीवाल्यानं पर्वा केली नसती. त्यानं वितळवून घेतली असती. चांदी काढून घेतली की नाण्याचं मोल राजाच्या आयुष्याला बांधलं जातं, आणि त्या शतकात राजांचं आयुष्य काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. गॅलिएनससुद्धा २६८ मध्ये मिलानच्या वेढ्यात आपल्याच सरदारांच्या हातून गेला.

त्या हुकमातला ‘पवित्र’ हा शब्द मला चुटपूट लावतो. नाणं ज्या दिवशी पवित्र म्हणावं लागतं, त्या दिवशी ते वाजवून बघायला मनाई झालेली असते.

मग सांगून काय झालं असतं? माझ्या मताची खरी परीक्षा इथे आहे, आणि ती सोपी नाही. कारण काही वर्षांनी एकानं सांगून पाहिलं. २७४ मध्ये सम्राट ऑरेलियननं नाणं सुधारलं. वजन आणि कस थोडे वाढवले आणि नाण्याच्या तळाशी ‘वीस-एक’ असा आकडा घातला. त्याचा सर्वात पटणारा अर्थ असा: वीस भाग तांबं, एक भाग चांदी. म्हणजे शंभरात सुमारे पाच. रोमन सरकारनं नाण्यातला कस नाण्यावरच सांगितला तो असा. आणि जवळपास त्याच सुमाराला इजिप्तच्या कागदांत भाव एकदम चढलेले दिसतात, साधारण दहापट. खरं बोललं तेव्हाच महागाई भडकली.

यावरून कोणी ‘खरं बोलू नये’ असा निष्कर्ष काढेल. मी काढत नाही. तीस-चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं बिल एका दिवशी फोडलं की ते फोडणाऱ्याच्या अंगावर येतं, साठवणाऱ्याच्या नाही. शिवाय ऑरेलियनच्या वाट्याला आणखी एक वारसा आला होता. टांकसाळीतल्या कामगारांनी रोममध्ये बंड केलं, त्यांच्या पुढे त्यांचा वरिष्ठ फेलिसिसिमस होता, आणि कीलियन टेकडीवर लढाई झाली. जुने लेखक त्यात ७,००० सैनिक मेल्याचं सांगतात. आकडा फुगवलेला धरा, तरी टांकसाळीतल्या माणसांशी लढायला सैन्य लागावं यातच सगळं आलं. राज्य न सांगता चांदी काढत होतं, तेव्हा टांकसाळीतल्यांनीही न सांगता आपला वाटा काढून घ्यायला सुरुवात केली होती. विभागाची खूण घातलेलं ते ग्रीक अक्षर तिथे कमी पडलं. वरचा हात काय करतो ते खालच्या हाताला रोज दिसत असतं.

आपल्याकडचं एक उदाहरण माझ्या हाताशी आहे, आणि ते घरातलं आहे. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे पाटावर चांदीचे रुपये मांडतात. एक राणीछाप, दोन पंचम जॉर्जचे, आणि एक सहाव्या जॉर्जचा, १९४४ चा. आजी या शेवटच्याला ‘लढाईतला रुपया’ म्हणायची आणि तो नेहमी कडेला ठेवायची. पहिले तीन फरशीवर टाकले तर खणखणतात, हा चौथा जरा बसक्या आवाजात बोलतो. कारण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं १९४० पासून रुपयातली चांदी शंभरात जवळपास ९२ वरून ५० वर आणली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच आला. एक रुपयाचं वजन म्हणजे एक तोळा, अशा नाण्याच्या बाबतीत हे घडलं. म्हणजे परक्या सरकारनंही लढाईच्या खर्चासाठी गॅलिएनसचंच केलं. फरक असा की ते कायदा करून केलं, नव्या रुपयाच्या कडेला वेगळी खाच घातली, आणि जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून काढून घेतले. त्या सरकारचं मला कौतुक नाही, त्याच काळात त्यानं बंगालमध्ये काय होऊ दिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या आजीला कळलं होतं. तिनं खाच बघितली, आवाज ऐकला, राणीछाप डब्याच्या तळाशी टाकला आणि भाजीवाल्याला नवा दिला. राज्यानं आपल्याशी काय केलंय हे तिला माहीत होतं आणि तिनं आपल्या परीनं उत्तर दिलं होतं. फय्युमच्या मजुराला हा अधिकार नव्हता.

आणि ही अपेक्षा त्या काळाला परकी नव्हती. गॅलिएनसच्या शंभराहून जास्त वर्षं आधी नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं एक दान कोरून ठेवलंय. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, ठेव म्हणून विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे: २,००० एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं, मुद्दल परत घ्यायचं नाही. त्याच लेखात दुसऱ्या एका दानासाठी पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असा भावही लिहिलाय. आणि शेवटी म्हटलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवलं आणि फळ्यावर नोंदवलं. उषवदात काही लोकशाहीवादी नव्हता, तो परकी क्षत्रपाचा जावई होता. पण चांदी आणि सोनं यांचा भाव दगडावर लिहून गावाला ऐकवणं त्याला अडचणीचं वाटलं नाही.

माझा दुसरा आक्षेप लपवण्यापेक्षा वाईट गोष्टीवर आहे. गॅलिएनसनं सगळ्यांशी खोटं केलं नाही. सोन्याची नाणी आणि सोन्याची जड पदकं तो पाडत राहिला. सोन्याचं वजन कमीजास्त व्हायचं, पण सोनं सोनंच राहिलं. ती कोणाला मिळायची? सम्राटाभोवतीच्या अधिकाऱ्यांना, निष्ठेच्या मोबदल्यात. म्हणजे ज्याच्या हातात तलवार आणि सम्राटाच्या तंबूचं दार, त्याला सोनं. छावणीबाहेरच्या भाकरीवालीला, शेतावरच्या मजुराला, बंदरावरच्या हमालाला तांब्यावर पाणी. संकट सगळ्यांवर आलं होतं, कर सगळ्यांवर बसला नव्हता. सेनेटर लोकांनी गॅलिएनसला शिव्या घातल्या, कारण त्यानं त्यांना सैन्याच्या सरदारक्या बंद केल्या. बापानं सुरू केलेला ख्रिश्चनांचा छळ त्यानं थांबवला, याबद्दल ख्रिश्चन लेखकांनी त्याला बरं म्हटलं. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ त्याच्यावर सफरचंदांचे किल्ले बांधल्याचा आणि केसांत सोन्याची भुकटी घातल्याचा आरोप करते. सगळ्यांनी आपापल्या हिशेबानं त्याला मोजलं. नाण्याबद्दल मजुराच्या बाजूनं बोलणारा एकही लेखक आपल्यापर्यंत पोचलेला नाही. पोचलीय ती फक्त ती चकती.

आज आपण नाणं वाजवून घेत नाही, त्यामुळे हे सगळं जुनं वाटेल. पण पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होतात, हे पोरांनासुद्धा कळतं. ते मला मान्य आहे, कारण पुड्यावर वजन छापायची सक्ती आहे. चष्मा लावून वाचायची तसदी घेतली की कळतं. पैशाच्या बाबतीत तेवढंच मागायचं आहे: महागाईचा दर कशावरून काढला, व्याज कोणासाठी कमी केलं, कोणाची थकबाकी माफ झाली आणि तो खड्डा कोणाच्या बचतीतून भरला, हे पुड्यावर छापलेल्या वजनासारखं वाचता आलं पाहिजे. संकटात सरकारनं पैसा पातळ करू नये, असा हट्ट मी धरणार नाही. साथीत आणि लढाईत ते करावं लागतं. पण ज्या दिवशी करता त्या दिवशी सांगा, आणि सोन्याची पदकं त्याच दिवशी बंद करा.

बंडखोरांना हे गॅलिएनसपेक्षा लवकर कळलं होतं. पोस्ट्युमसनं वेगळी चूल मांडली तेव्हा सुरुवातीला त्याच्या नाण्यात रोमपेक्षा जास्त चांदी होती. त्याला परवडत होतं म्हणून नाही, त्याच्याकडे जुना विश्वास खर्चायला नव्हता म्हणून. नवा दुकानदार माप भरून देतो. पुढे तोही गॅलिएनसच्या मापावर आला. मग वीसेक वर्षांनी कॅरॉसियस नावाच्या आरमारी सरदारानं ब्रिटनमध्ये बंड केलं आणि कित्येक दशकांत कोणी न पाडलेलं चांगल्या चांदीचं डिनेरियस पाडलं.

२०१० मध्ये इंग्लंडमधल्या फ्रोम गावाजवळ एका शेतात पुरलेला मातीचा रांजण सापडला. त्यात २५३ पासून पुढची नाणी होती, एकाच भांड्यात ५२,५०३. कोणी तरी एवढं वजन वाहून आणून पुरलं होतं. जवळजवळ सगळी किरणांच्या मुकुटाची, तांब्यावर पाणी चढवलेली. कॅरॉसियसची चांदीची त्यात पाच होती.